बजीच्या पिल्लांचे रंग हिशोबाप्रमाणे येत नाहीत? आधी नाक बघा

ओळखीच्या पाळणाऱ्यांचा हा फोन मला दर महिन्याला येतोच. "दोन्ही हिरवे आहेत आणि मटक्यात निळं पिल्लू निघालंय, हे कसं काय?" किंवा उलट, "तू म्हणालास पिवळी येतील, तीन वेळा अंडी झाली, पिवळ्याचा पत्ता नाही." त्यानंतर ठरलेलं वाक्य येतं: "विकणाऱ्यानं फसवलं बघ." कधीकधी खरंच फसवलेलं असतं. पण मी आजवर जेवढ्या जोड्यांचा गुंता सोडवायला बसलो, त्यातल्या बहुतेकांत घोटाळा घरातच निघाला. पहिला माझ्याच घरात.

कोल्हापुरात ज्याला सगळे 'लव्हबर्ड' म्हणतात, तो खरं तर बजी, म्हणजे बजरीगर. ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षी अभ्यासकाने तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभर पिंजऱ्यात गेला. आपल्या झाडावरचा लाल चोचीचा राघू वेगळा. तो घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्याच्या पैदाशीबद्दल मला विचारूही नका.

माझ्या जोडीची गोष्ट

शिवाजी पेठेत आमच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली माझे सहा पिंजरे आहेत. त्यातल्या तिसऱ्यात मी एक आकाशी आणि एक पिवळा लाल डोळ्यांचा, म्हणजे ल्युटिनो, अशी जोडी लावली. आकाशीचं नाक, म्हणजे चोचीवरचा मांसल भाग, फिकट निळसर होतं, म्हणून तो नर. पिवळ्याचं नाक गुलाबी-जांभळट, निळं नाही, म्हणजे ती मादी. वहीत तसंच लिहिलं. आकाशी नर आणि ल्युटिनो मादी लावली तर पिवळं पिल्लू येता कामा नये, सगळी हिरवी यायला पाहिजेत. हेही लिहून ठेवलं, खाली रेघ मारून.

पाच पिल्लं झाली. तीन पिवळी, दोन हिरवी.

मी काय केलं? हिशोब चुकला असं न म्हणता हिशोबाला ठिगळ लावलं. आकाशी नर 'स्प्लिट ल्युटिनो' असणार, म्हणजे पिवळा रंग पोटात दडवून बसलेला. तसं असेल तर निम्मी पिल्लं पिवळी येतात. पाचात तीन म्हणजे निम्मीच की. पुढच्या वेळी चारात दोन पिवळी आली आणि माझी खात्रीच पटली.

त्यातली दोन पिवळी पिल्लं मी कागलच्या मित्राला 'जोडी' म्हणून दिली. थंडीभर त्याचे फोन चालू. एकूण चौदा अंडी झाली, पिल्लू एकही नाही. त्याने मटकं बदललं, राळं बदललं, समुद्रफेन लावलं, पिंजऱ्याची दिशासुद्धा बदलली. शेवटी मोबाइलची बॅटरी अंड्यामागे धरून बघ म्हटलं. सहा-सात दिवसांत आत लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं. त्याच्या एकाही अंड्यात काही नव्हतं, नुसतं पिवळं बलक. तेव्हा कुठे डोक्यात ट्यूब पेटली. त्याच्याकडे दोन्ही माद्या होत्या. दोघी अंडी घालत होत्या, दोघी उबवत होत्या.

मी घरी येऊन वही उघडली. दोन्ही वेळची पिल्लं आता सहा महिन्यांच्या पुढची होती, नाकं पक्की झालेली. माझ्याकडे उरलेल्या तिन्ही पिवळ्यांची नाकं तपकिरी, खरबरीत. माद्या. हिरव्या चौघांची नाकं निळीशार. नर. पिवळ्या तेवढ्या माद्या आणि हिरवे तेवढे नर, एकही अपवाद नाही. हा योगायोग नसतो. ही ल्युटिनो बापाची सही आहे.

जोडी मी उलटी लिहिली होती. पिवळा नर होता, आकाशी मादी होती.

आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी तुला तेव्हाच म्हणत होते, पिवळा बाहेर दांडीवर बसून निळीला भरवतोय, आणि ती मटक्यातनं बाहेर येईना." माझी शिफ्ट गोकुळ शिरगावला, सकाळी अंधारात निघायचं, रात्री येऊन पिंजऱ्यावर कापड टाकायचं. दाणा-पाणी आई करायची. उबवते फक्त मादी आणि तिला भरवतो नर, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दिसत होतं. मी तिला म्हणालो होतो की आई, तुला नाकातलं कळत नाही.

तर नाकाचं असं आहे

मोठ्या नराचं नाक निळं, मादीचं तपकिरी, हे सगळ्यांना पाठ असतं. दोन गोष्टी पाठ नसतात. ल्युटिनो, अल्बिनो (पांढरा, लाल डोळ्यांचा) आणि रिसेसिव्ह पाइड (ठिकठिकाणी रंग उडालेला) या रंगांच्या नराचं नाक आयुष्यभर गुलाबी-जांभळंच राहतं, निळं होतच नाही. आणि मादी अंड्यावर यायच्या तयारीत नसेल तेव्हा तिचं नाक फिकट निळसर-पांढरं दिसतं. नीट बघितलं तर नाकपुडीभोवती पांढरट कडं असतं. नराचं नाक सगळीकडे एकसारख्या रंगाचं असतं, कडं नसतं. माझ्या आकाशीला ते कडं होतं. बाजारात गर्दीत, पिंजऱ्याच्या जाळीतून, विकणारा "नर आहे, घ्या" म्हणत असताना ते दिसलं नाही एवढंच.

तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लातही हीच खूण चालते: एकसारखं गुलाबी-जांभळं म्हणजे नर, पांढऱ्या कड्यांचं फिकट म्हणजे मादी. शंका असेल तर जोडी लावायची घाई करू नका. दोन महिने थांबलं तर नाक स्वतःच सांगतं.

आता नर-मादीवर एवढं का अडतं? कारण काही रंग लिंगाला बांधलेले असतात. पक्ष्यांत आपल्या उलट असतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. ल्युटिनो-अल्बिनो करणारं जनुक, तसंच ओपलाइन (पाठीवरची नक्षी बदलणारं) आणि सिनॅमन (काळी नक्षी तपकिरी करणारं), ही सगळी झेडवर बसलेली. मादीकडे झेड एकच असल्यामुळे तिच्यात असेल ते दिसतं, दडत नाही. म्हणून 'स्प्लिट ल्युटिनो मादी' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा. असा पक्षी नसतो. नर मात्र एका झेडवर पिवळं दडवून वरून हिरवा दिसू शकतो.

मुलीला झेड मिळतो तो बापाकडून. म्हणून ल्युटिनो नर आणि साध्या रंगाची मादी लावली तर सगळ्या मुली पिवळ्या, सगळी मुलं हिरवी पण पोटात पिवळं घेऊन. साधा नर आणि ल्युटिनो मादी लावली तर पिवळं एकही नाही. स्प्लिट नर आणि साधी मादी असेल तर फक्त मुलींतल्या निम्म्या पिवळ्या, म्हणजे एकूण पिल्लांत चौथा हिस्सा. स्प्लिट नर आणि ल्युटिनो मादी असेल तर मुलांतही निम्मे, मुलींतही निम्म्या. माझ्या ठिगळाचा हिशोब हा शेवटचा होता. पाचात तीन आणि चारात दोन हे आकडे दोन्ही हिशोबांत बसत होते. फरक फक्त कुठला रंग कुठल्या लिंगात पडला यात होता, आणि तेच मी लिहीत नव्हतो. वहीत रंगाशेजारी नर-मादीचा रकाना नसेल तर ती वही अर्धीच.

दोन हिरव्यांच्या पोटी निळं

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि यात कुणाचीच चूक नसते. बजीच्या अंगावरचा हिरवा हा एक रंग नाही. पिसात पिवळं रंगद्रव्य असतं, काळं मेलॅनिन असतं, आणि पिसाच्या आतल्या बारीक रचनेमुळे उजेड विखुरून निळा भास होतो. पिवळं अधिक निळं म्हणजे हिरवं. निळं रंगद्रव्य असं काही नसतंच. गळलेलं निळं पीस खलबत्त्यात कुटून बघा, निळी पूड मिळत नाही, मळकट काळपट काहीतरी उरतं.

पिवळं तयार करणारं जनुक बिघडलं की पिवळं जातं आणि पक्षी निळा दिसतो. नेमकं कुठलं जनुक ते २०१७ मध्ये संशोधकांनी शोधून काढलं. पण हा बिघाड आईकडून आणि बापाकडून दोघांकडून मिळाला तरच दिसतो. एक चांगली प्रत असली तरी पिवळं पुरेसं तयार होतं, पक्षी अस्सल हिरव्यासारखा हिरवा दिसतो आणि निळं पोटात राहतं. असे दोन स्प्लिट हिरवे एकत्र आले की दर पिल्लाला निळं निघण्याची शक्यता चारात एक. तुमच्या दोन्ही हिरव्यांच्या पोटात निळं दडलेलं होतं, एवढंच त्या पिल्लाने सांगितलं.

उलटं मात्र होत नाही. दोन निळ्यांच्या पोटी हिरवं आलं तर जनुकशास्त्रात शोधू नका, पिंजऱ्यात शोधा. बाप दुसरा आहे.

हे दोन डबे डोक्यात ठेवले की निम्मे गोंधळ सुटतात. एका डब्यात पिवळं, दुसऱ्यात काळं मेलॅनिन. 'निळा' बिघाड पिवळा डबा रिकामा करतो. 'इनो' बिघाड काळा डबा रिकामा करतो, मग निळा भासही जातो, कारण तो दिसायला मागे काळं लागतं. फक्त काळं गेलं तर ल्युटिनो, दोन्ही गेली तर अल्बिनो. म्हणून पांढरा नर आणि शुद्ध हिरवी मादी लावून पांढऱ्या पिल्लांची वाट बघणाऱ्याच्या पदरात पिवळ्या मुली आणि हिरवी मुलं पडतात. हिरव्या आईने पिवळ्याची चांगली प्रत दिली, बापाने मुलींचं काळं पुसलं. पांढरं येणार कुठून? आणि दोन पिवळ्यांच्या पोटी पांढरं आलं तर दोघंही पोटात निळं बाळगून आहेत.

अल्बिनो हा पांढरी चादर पांघरलेला पक्षी आहे. चादरीखाली आकाशी आहे की कोबाल्ट (गडद निळा), ओपलाइन आहे की साधा, हे दिसत नाही. त्याची पिल्लं अनपेक्षित रंगांची निघाली तर तक्रार करायला जागा नाही.

बाप कोण?

कसबा बावड्यातल्या एका मित्राने मोठ्या जाळीत सोळा पक्षी आणि आठ मटकी लावली आहेत. दिसायला फार सुंदर, संध्याकाळी नुसता किलबिलाट. पण रंगाचा हिशोब त्याच्याकडे होऊच शकत नाही. जोडी ठरलेली असली तरी मादी शेजारच्या नरालाही जवळ करते. मटक्यात कोण बसतं ते दिसतं, बाप कोण ते दिसत नाही. रंग हवे असतील तर एका पिंजऱ्यात एकच जोडी, दुसरा तोडगा नाही.

त्यातही एक खाच आहे. जाळीतून मादी काढली, आज नव्या नरासोबत ठेवली, आठवड्याने अंडं आलं तर ते जुन्या नराचं असू शकतं. मादीच्या शरीरात बीज काही दिवस टिकून राहतं, मिलन थांबल्यावर दहा-बारा दिवसांनीही अंडं फळू शकतं. मी मादीला तीन-चार आठवडे एकटी ठेवतो, मटकं न देता. मटकं दिसलं की तिचं अंड्याचं चक्र सुरू होतं. कुंभार गल्लीतून आणलेली मटकी मी दसऱ्यानंतर लावतो आणि दोनदा पिल्लं झाली की उतरवतो. पावसाळ्यात तर नाहीच. आपल्याकडच्या जुलैच्या ओलीत राळ्याला बुरशी धरते आणि मटक्यातला भुसा वाळत नाही.

चारात एक म्हणजे चार पिल्लांत एक नव्हे

"स्प्लिट-स्प्लिट जोडी घेतली, चार पिल्लं झाली, निळं एकही नाही. फसवलं." थांबा. दर पिल्लाची सोडत वेगळी असते. चार पिल्लांत एकही निळं न येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे, म्हणजे तीन जोड्यांतल्या एकीच्या बाबतीत हे होणारच. दहा पिल्लं झाली आणि निळं नाही, तर ती शक्यता साडेपाच टक्क्यांवर येते. सोळाव्या पिल्लाला एक टक्का. तिथे विकणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

'स्प्लिट' तपासायचा जलद मार्ग म्हणजे त्या हिरव्याला निळ्याशी लावणं. स्प्लिट असेल तर निम्मी निळी यायला पाहिजेत. सात पिल्लं ओळीने हिरवीच आली तर तो स्प्लिट असण्याची आशा सोडा. खरा स्प्लिट इतकं लपवून राहण्याची शक्यता १२८ त एक. एक जरी निळं आलं तरी प्रश्न मिटला. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजाराला जाऊन तावातावाने भांडण्यापेक्षा ही दोन-तीन महिन्यांची वाट परवडते.

नाव चुकलेलं असलं तर

पक्ष्याचं नाव चुकीचं धरलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. पिवळा धमक पक्षी पण डोळे काळे, बुबुळाभोवती पांढरं कडं. तो ल्युटिनो नाही, बहुतेक दुहेरी स्पँगल आहे, म्हणजे पंखांवरची नक्षी बदलणाऱ्या स्पँगल घटकाच्या दोन मात्रांचा. साध्या जोडीदाराबरोबर त्याची सगळी पिल्लं, नर असो वा मादी, स्पँगल निघतात. ल्युटिनोचे डोळे लाल, आणि हे अंड्यातून निघाल्या दिवशीच मिटल्या पापणीखालून दिसतं. सिनॅमनचं पिल्लूही पहिले काही दिवस जांभळट-लाल डोळ्यांचं असतं, मग डोळे गडद होतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोटो टाकून "ल्युटिनो झालं" म्हणून पेढे वाटू नका.

कोबाल्ट-कोबाल्ट जोडीवाल्यांची निराशा वेगळीच. गडद निळा आवडला म्हणून दोन्ही कोबाल्ट घेतात, आणि पिल्लं येतात निम्मी कोबाल्ट, पाव आकाशी, पाव मळकट राखाडी-निळी, म्हणजे मॉव. गडदपणाचा एक घटक म्हणजे कोबाल्ट, दोन म्हणजे मॉव, शून्य म्हणजे आकाशी. सगळी कोबाल्ट हवी असतील तर आकाशी आणि मॉव लावायचे. पण बाजारात मॉवला कुणी विचारत नाही, त्यामुळे ही जोडी कुणी लावत नाही. हिरव्यात याच तीन पायऱ्या साधा हिरवा, गडद हिरवा आणि ऑलिव्ह अशा दिसतात. करडा-हिरवा पक्षी बघून 'ऑलिव्ह' लिहिणारे पुष्कळ आहेत. ग्रे हा पूर्ण वेगळा आणि प्रबळ घटक आहे, त्याने सगळं गणित फिरतं. गालावरचा ठिपका बघा: ग्रेमध्ये तो राखाडी, ऑलिव्हमध्ये जांभळा.

आणि एक प्रकार तर मलाही पहिल्यांदा खोटा वाटला होता. दोन्ही आई-बाप पांढऱ्या तोंडाचे निळे, पिल्लं सगळी पिवळ्या तोंडाची. यलोफेसच्या पहिल्या प्रकारात एक मात्रा असली तर तोंड पिवळं होतं, दोन मात्रा झाल्या तर तोंड परत पांढरं. म्हणजे जो पक्षी पांढऱ्या तोंडाचा म्हणून घेतला, तोच दुप्पट यलोफेस होता. साध्या निळ्याशी लावला की प्रत्येक पिल्लाला एक मात्रा, प्रत्येक पिल्लू पिवळ्या तोंडाचं.

कागलच्या मित्राची भरपाई म्हणून मी त्याच्या एका पिवळीसाठी कोबाल्ट नर दिला. माझ्याकडचे हिरवे नर देता आले असते आणि पिवळी पिल्लंही मिळाली असती, पण ते तिचे सख्खे भाऊ. रंगासाठी भाऊ-बहीण लावली की दोन-तीन पिढ्यांत अंडी फळेनाशी होतात, पिल्लं खुरटतात. देतानाच त्याला कागदावर लिहून दिलं: पिवळं एकही येणार नाही. हिरवी, गडद हिरवी, आकाशी, कोबाल्ट, चारही सारख्या शक्यतेने. मादीच्या आईचं आकाशी तिच्या पोटात आहे, म्हणून निळी निघणार.

परवा त्याने फोटो पाठवला. पाच अंड्यांतली चार फळली. दोघांच्या पिसांच्या कोंबातून गडद हिरवं डोकावतंय, एक आकाशी आहे. चौथं सगळ्यांत मागून निघालेलं, अजून नागडं. डोळे काळे आहेत, आज त्याच्याबद्दल एवढंच सांगता येतं.